तुऱ्याचं टोक

आत्याबाईंनी डालग्यातून कोंबडा वर काढला, त्याचे दोन्ही पाय एका मुठीत धरले आणि दुसऱ्या हाताच्या बोटांत त्याचा तुरा घेऊन लुगड्याचा पोत बघावा तसा चोळून बघितला.

"ह्यो पौष काढायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

मी अजून हातातलं गाठोडंही खाली ठेवलं नव्हतं. लग्न वैशाखात झालं होतं, पण नांदायला म्हणून आले ती दसरा उलटल्यावर. सावित्रीच्या काठी माझं माहेर. तिथून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वराच्या पठारावर, हिरडवाडीला. घाटात मला मोटार लागली होती आणि कोंबड्यालाही. दोघंही मान टाकून आलो होतो.

"का हो, आत्याबाई?" मी विचारलं.

"तुरा बघ की. जास्वंदीएवढा. आन् पातळ. खालच्या हवेत ठीक हाय. हितं थंडी आधी टोकाला धरती." त्यांनी हनुवटीनं परसाकडं दाखवलं. तिथं त्यांचा काळा कोंबडा राखेत लोळत होता. त्याच्या डोक्यावर तुरा असा नव्हताच. वाटाण्याची शेंग चिकटवावी तेवढं काहीतरी होतं. "आमच्याकडचं बघ. थंडीला धराया काय ठेवलंच न्हाई त्यानं."

"मी जपेन त्याला."

"जप," त्या म्हणाल्या आणि कोंबडा माझ्या हातात दिला. "कर काय करायचं ते."

सासूशी माझं झालेलं पहिलं बोलणं हे. सासू माझ्याबद्दल काही बोलली नाही, कोंबड्याबद्दल बोलली, म्हणून मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या कोंबड्याचं नाव तुऱ्या. त्याचं अंडं मीच खुडूक कोंबडीखाली मांडलं होतं. मी निघाले त्या दिवशी आईनं त्याला डालग्यात घातला आणि डालग्याच्या तोंडाला फडकं बांधता बांधता म्हणाली, "ह्याचा आवाज तुला ओळखीचा आहे. तिकडं पहाटे हा आरवला की समज, मी पण उठले. चूल पेटवायला बसले." एवढं बोलून ती आत निघून गेली. मोटारीपर्यंत आली नाही.

ही गोष्ट मी आमच्या ह्यांना सांगितली होती. दुसऱ्या कुणाला नाही. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

हे महाबळेश्वरात एका बंगल्यावर माळी होते. मालक उन्हाळ्यात यायचे. बाकी वर्षभर बंगला, बाग आणि स्ट्रॉबेरीचे वाफे ह्यांच्याच हवाली. सकाळी जायचे, दिवेलागणीला यायचे. घरात आम्ही दोघीच. सासरे लग्नाआधीच गेले होते.

आत्याबाई उंच, हाडकुळ्या. बोलणं असं की हाताला लागेल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं अंथरूण चुलीपासून उचलून पलीकडच्या खोलीत टाकलं. त्या खोलीला एक खिडकी होती आणि तिच्या फळीला त्या काटकी लावून ठेवायच्या, बंद होऊ नये म्हणून.

"आत्याबाई, वारा येतो हो."

"येऊ दे की. वारा काय चावतोय?"

"गार लागतं."

"चुलीपाशी निजलीस तर पाटंचं पान्याला भाईर कशी निघशील? अंगाला आधी हवा कळू दे. मग अंग आपलं आपून बघतंय."

मला वाटायचं, बाईला माणसाचं मन नाही. मला हुडहुडी भरलेली असताना आढ्याला मात्र एक चांगली काळी घोंगडी गुंडाळून टांगलेली होती. तिला कुणी हात लावत नसे. एकदा मी ह्यांना विचारलं.

"ती भागीताईची," हे म्हणाले. "माझी थोरली बहीण. खाली महाडच्या बाजूला दिली होती. वारली."

"कशानं?"

"तापानं." मग घोंगडीकडं बघत म्हणाले, "आईम्होरं इचारू नको."

मी विचारलं नाही.

आत्याबाईंच्या कोंबड्यांसारख्या कोंबड्या मी खाली कधी पाहिल्या नव्हत्या. बुटक्या, भरल्या अंगाच्या, दाट पिसांच्या. दिवाळीच्या आधी त्यांनी जुनी पिसं टाकली होती आणि नवी इतकी दाट आली होती की बोट घातलं तर कातडी लागत नसे. खुराडं होतं, पण ते पावसाळ्यापुरतं आणि पिलांच्या कोंबडीपुरतं. एरवी दिवस कलला की सगळ्या एकेक करून परसातल्या जांभळीवर चढायच्या. काळा कोंबडा शेवटी. त्याआधी आत्याबाई नाचणीची पाटी घेऊन बसायच्या आणि दिवसभर टाकलं नसेल एवढं तेव्हा टाकायच्या.

"आता झोपायच्या वेळेला कशाला?" मी विचारलं होतं.

"झोपताना पोटात दाना पडला म्हंजी रातभर आतली चूल पेटती ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "तुज्या आईनं हे न्हाई शिकवलं?"

"आमच्याकडे कोंबडीला चुलीची गरज नसते."

"व्हय तर. तुमच्याकडं कोंबडी चालता चालताच शिजती."

मला हसू आलं. पण मी ते पदराआड केलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्या लगेच उठून गेल्या.

तुऱ्याला झाडाची सवय नव्हती. तो एकटाच खुराड्यात शिरायचा. मी रोज दिवेलागणीला त्याला मांडीवर घ्यायची आणि त्याच्या तुऱ्याला खोबरेल चोळायची. आईनं दिलेली तेलाची बाटली पठारावर आल्यापासून दगडासारखी गोठलेली असे. चुलीशेजारी धरून ती पातळ करावी लागे. तेल लावलं की थंडी धरत नाही, असं मला कुणी सांगितलं होतं की मीच ठरवलं होतं, आता आठवत नाही. पण आत्याबाई म्हणाल्या होत्या ना, थंडी टोकाला धरते. माझ्या मनानं घेतलं होतं की टोक गेलं की जीव गेलाच.

"नवऱ्याच्या डोक्याला टिपूस न्हाई," आत्याबाई वाटेनं जाता जाता म्हणायच्या, "आन् कोंबड्याची चंपी चाललीया."

तुऱ्या मात्र खुशीत असायचा. डोळे मिटून मान पुढं करायचा. आणि पहाटे असा आरवायचा की समोरच्या डोंगरावरून आवाज परत यायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या मनात म्हणायची, उठलीस का गं आई?

मार्गशीर्षात सदू गुरव आले. गावाची राखण जवळ आली होती. पौष पुनवेला वेशीवरच्या देवाला कोंबडा द्यायचा आणि गावानं वर्षभर निर्धास्त झोपायचं, अशी तिथली रीत. दर वर्षी एका घराची पाळी. त्या वर्षी पाळी आमची होती.

गुरव पडवीत चहाला टेकले तोच समोरून तुऱ्या गेला. उन्हात त्याचा तुरा असा पेटल्यासारखा दिसत होता. रोजचं तेल. गुरवांनी कप खाली ठेवला.

"बायजावैनी, ह्यो कुठला?"

"सुनंचा. माहेरचा."

"आयला, काय तुरा हाय! वर असला तुरा बघाय मिळत न्हाई. देवाला शोभंल बघा. डाग न्हाई, खोड न्हाई." त्यांनी बसल्या बसल्या हात जोडले, देवाला की कोंबड्याला कळेना. "ठरलं मग. ह्यो द्या औंदा."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या नाही म्हणतील असं मला का वाटलं कोण जाणे.

"देवाला न्हाई म्हनायचं नसतं, तात्या," आत्याबाई म्हणाल्या. "पर पुनव लांब हाय. तवर ऱ्हायला पायजे तसाच. डागी चालत न्हाई ना?"

"छ्या! डागी कसं चालंल? आख्खा पायजे. टोकापातूर आख्खा."

"मग बघू."

संध्याकाळी हे आले तेव्हा मी रडून घेतलं होतं.

"तुम्ही सांगा ना आत्याबाईंना. दुसरा द्या म्हणावं."

"गावम्होरं शब्द गेला आता," हे म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "आन् देवाचं हाय ते. मी काय बोलू?"

"तो माझ्या आईनं दिलाय."

"ठाव हाय मला."

ते एवढंच म्हणाले आणि बराच वेळ माझ्याजवळ बसून राहिले.

थंडी वाढत चालली. माझं डोकं तेव्हा कसं चालत होतं, सांगते. पुनवेला तुऱ्या जाणार हे मला माहीत होतं, आणि त्याआधी थंडीनं जाईल ही भीती त्याहून मोठी होती. पुनव लांब होती, थंडी रोजची होती. म्हणून मी खुराड्याच्या जाळीवर गोणपाट लावलं. मग वरून दुसरं. फटींत गवताचे बोळे कोंबले. दारापुढं फळी टाकली. वाऱ्याला बोटभर वाट ठेवली नाही.

सकाळी फळी काढली की आतून कोंदट, ओलसर वाफ यायची. भिंतींना घाम सुटलेला असायचा. तुऱ्या बाहेर येऊन शिंकायचा, पिसं चिकटलेली. दोनचार दिवसांत त्याचा आवाज बसला. एके पहाटे मी वाट बघत पडून राहिले, तो आरवलाच नाही. नुसतं घशात काहीतरी घरघरलं. त्या दिवशी मी आणखी एक गोणपाट लावलं.

दुसऱ्या सकाळी पाहते तो गोणपाटं काढून जांभळीच्या बुंध्याशी टाकलेली.

मी पुन्हा लावली. ती पुन्हा निघाली.

तिसऱ्या संध्याकाळी मी गोणपाट बांधत असताना आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"सोड ते."

"नाही सोडत."

"चंद्रे, सोड म्हन्ते."

"तुम्हाला तो मरायलाच हवाय!" मी ओरडले. सासूपुढं आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ. "पहिल्या दिवसापासून तुमच्या डोळ्यांत आहे तो. पौष काढणार नाही म्हणालात, आता खरं करून दाखवताय. थंडीनं नाही तर देवाच्या नावानं!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हात उठणार. पण त्या खाली वाकल्या, खुराड्यात हात घालून तुऱ्याला काढलं, काखेत घेतलं आणि जांभळीकडं चालू लागल्या. कोंबड्या चढून बसल्या होत्या. आत्याबाईंनी टाचा उंच करून तुऱ्याला मधल्या फांदीवर ठेवला, दोन कोंबड्यांच्या मधोमध. तो डगमगला, पंख फडफडवले. शेजारच्या कोंबडीनं त्याला एक टोच मारली आणि जरा सरकून जागा दिली.

"आजपासून हितं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता गोणपाटं उचलून घरात गेल्या. जाता जाता त्यांनी ती गच्च गुंडाळून काखेत दाबली. मला तो राग वाटला.

मी बराच वेळ झाडाखाली उभी राहिले. अंधारून येत होतं. तुऱ्या आधी ताठ बसला होता. मग त्यानं शेजारणींचं बघून पिसं फुलवली, पायांवर बसकण मारली. बोटं पोटाखाली गेली. शेवटी त्यानं मान वळवून पंखाखाली घातली. डोकं, तुरा, सगळं आत. फांदीवर नुसते गोळे दिसत होते, पिंजलेल्या कापसासारखे. त्यातला माझा कुठला, तेही ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी तो जिवंत होता. तिसऱ्याही. शिंका थांबल्या, पिसं कोरडी झाली, पण आवाज काही आला नाही. पहाट मुकीच जायची. आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत होतो. मी तेल मात्र सोडलं नव्हतं. तो झाडावर चढायच्या आधी गाठून चोळायची.

पुनव चार-सहा दिवसांवर आली असेल. त्या दुपारी वारा एकदम पडला. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. संध्याकाळी तर पानही हलेना. हे लवकर घरी आले होते. आत्याबाई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या.

"अरं, वाफे झाकलेस का?"

"न्हाई. कशाला?"

"जा मागारी. गवत टाक वाफ्यांवर. आज दहिवर गोठतंय."

हे चहा न घेता परत गेले. मी घाईघाईनं बाटली चुलीशी धरली, तेल सुटलं तशी परसाकडं निघाले.

"कुटं चाललीस?"

"तुऱ्याला तेल..."

"आज नको." त्या पडवीत पाट टाकून बसल्या आणि पदर डोक्यावरून खाली घेतला. "माज्या डोक्याला लाव. ठनका लागलाय."

मी उभीच.

"लाव की. सासूचं डोकं कोंबड्याहून हलकं हाय व्हय?"

काय करणार? मी मागं बसले. त्यांचा अंबाडा सोडला. केस विरळ, पांढरे, आणि कुणी किती वर्षांत हात लावला नव्हता कोण जाणे. मी तळहातावर तेल घेतलं.

"आनखी," त्या म्हणाल्या.

घेतलं.

"आनखी. कंजूसपना करू नको."

असं करत करत बाटली सरली. उलटी केली तर तळाशी एक थेंब लोंबत होता, तोही त्यांनी बोटावर घेऊन कानामागं लावला. केसांतून तेल मानेवर ओघळत होतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, तुऱ्या बसायचा तशाच.

"भागीचा हात असाच हुता," त्या म्हणाल्या. "जड."

परसात कोंबड्या झाडावर चढल्याचा फडफडाट ऐकू आला, आणि मग शांत झालं.

सकाळी दार उघडलं तर अंगण पांढरं. गवताची पाती काचेची झाल्यासारखी, पायाखाली करकर वाजत होती. बादलीतल्या पाण्यावर साय धरावी तशी पापडी. मी अनवाणी जांभळीखाली धावले. तुऱ्या पहाटेच दहिवरात खाली उतरला होता, काळ्याच्या मागं मागं दाणे टिपत होता. मी त्याला उचलला. त्याच्या तुऱ्याची टोकं पांढरी पडली होती, मेणासारखी. दोन दिवसांत ती काळी झाली. सगळी टोकं. जास्वंदीची कड करपावी तशी.

मी खचले. आता हा जाणार असं धरूनच चालले. पण तो गेला नाही. खात होता, राखेत लोळत होता, कोंबड्यांमागं पळत होता. टोकांचं त्याला काही नव्हतंच.

पुनवेच्या आदल्या दिवशी सदू गुरव आले. त्यांनी तुऱ्याला बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आवो वैनी! ह्ये काय झालं?"

"थंडीनं धरला," आत्याबाई म्हणाल्या.

"असा कसा धरला? चांगला तेल लावलेला तुरा हुता की!"

"तेल सरलं."

"डागी झाला ह्यो. डागी न्हाई चालत."

"न्हाईच चालत," आत्याबाई म्हणाल्या. "देवाला आख्खंच द्यावं मानसानं."

त्या उठल्या. परसात गेल्या, "ये रं ये" म्हणत मूठभर नाचणी टाकली आणि काळ्याला सहज उचलला. तो त्यांच्या हातावर वाढलेला, धडपडलाही नाही. पडवीत येईपर्यंत त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी तो गुरवांच्या हातात दिला.

"ह्यो बघा. टोकापातूर आख्खा."

गुरव बघतच राहिले. "वैनी, ह्यो तर तुमचा..."

"देवाला न्हाई म्हनायचं नसतं," त्या म्हणाल्या. "न्या."

राखण झाली. प्रसाद गावात वाटला गेला. आमच्या वाट्याचं मी शिजवलं, ह्यांना वाढलं. आत्याबाई जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या. कसला ते मी विचारलं नाही. संध्याकाळी त्या परसात नाचणीची पाटी घेऊन बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले. कोंबड्या गोंधळल्यासारख्या इकडं तिकडं करत होत्या, काळ्याला शोधत असतील. तुऱ्या त्यांच्यात एकटाच उंच दिसत होता, कडा करपलेला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं ना, त्या दिवशी दहिवर गोठणार?"

"व्हय."

"आणि तेल माझ्याकडून मुद्दाम सरवलंत."

"माजं डोकं ठनकत हुतं."

"आत्याबाई."

"अगं, देवाला फसवता येतं व्हय?" त्या म्हणाल्या. "थंडी त्यानंच पाडली की." त्यांनी दाणे टाकले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "टोकानं जीव जात न्हाई. हितं ऱ्हायचं तर एवढं द्यावं लागतं, बाकी सगळं ऱ्हातं. जीव जातो तो कोंडल्यानं. ती ओल बघितलीस ना खुराड्यातली? त्येचाच श्वास त्येच्या अंगावर गोठत हुता."

मी मान हलवली.

"माजी भागी फाल्गुनात गेली खाली. उकाड्याचे दिवस. वाऱ्यावर वाढलेली पोर. ताप भरला तर त्या लोकांनी दारं लावून घेतली, खिडकीला कांबळं लावलं. वरून तिचीच घोंगडी घातली. चांगली मानसं हुती गं. जीव लावत हुती. त्यांना वाटलं, थंडीतली पोर, हिला ऊब पायजे." त्यांनी पाटीतला दाणा न दाणा खाली झटकला. "मी पोचले तवा आधी खिडकी उघडली. पर उशीर झाला हुता."

तुऱ्या झाडाखाली येऊन वर बघत होता. मग त्यानं एक उडी घेतली, खालची फांदी धरली, तिथून मधली. त्याला आता कुणी चढवावं लागत नव्हतं.

"माजं वरचं खाली टिकलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तुज्या आईचं खालचं तरी वर टिकू दे."

त्या आत गेल्या आणि मोरीजवळच्या स्टुलावर चढून त्यांनी आढ्याची घोंगडी काढली. अंगणात नेऊन झटकली, माझ्या अंथरुणावर टाकली.

"पांघर," त्या म्हणाल्या. "पर खिडकी उघडी ठेव."

त्यानंतरच्या कुठल्या पहाटेची ही गोष्ट, ते नक्की सांगता येत नाही. मी घोंगडीत होते. काटकी लावलेल्या खिडकीतून गार वारा तोंडावर येत होता आणि तो मला बरा वाटत होता. अर्धवट झोपेत आधी घरघर ऐकू आली. मग एक अर्धा, फाटका आवाज. मी डोळे उघडले, श्वास धरून पडून राहिले. आणि मग तो आरवला. जांभळीवरून, पुरा, खणखणीत. समोरच्या डोंगरावरून आवाज परत आला.

मी हलले नाही. चुलीच्या बाजूनं भांड्यांचा आवाज आला. आत्याबाई उठल्या होत्या. आमच्या ह्यांनी कधी त्यांना सांगितलं होतं, मला कळलंही नव्हतं.

"चंद्रे," त्यांनी आतूनच हाक मारली. "ऊठ गं. तुजी आई उठली."